पाठीवरचा लाल एल

चारचौघांत मला आमच्या ऑस्ट्रियन साहेबांनी जेवढं लाजवलं तेवढं आजवर दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही. हे मी जबाबदारीनं सांगतोय, कारण लाजेच्या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे. आमच्या भावकीतला मी पहिला पदवीधर. बी.कॉम. झालो तेव्हा पुनावळ्याच्या चौकात माझा फ्लेक्स लागला होता. फोटोत मी फोन कानाला लावून लांब कुठंतरी बघतोय आणि खाली अभिनंदन करणाऱ्या सतरा जणांची तोंडं. तेव्हापासून चौकात उभं राहून वडापाव खाताना सुद्धा मला कुणीतरी बघतंय असं वाटतं. एकदा फ्लेक्स लागला की माणसाला जन्मभर फ्लेक्ससारखं वागावं लागतं. अशा माणसाच्या वाट्याला आमचे साहेब आले.

चाकणला आमच्या कंपनीत मोटारसायकलचे ब्रेक बनतात. नवी लाइन बसवून द्यायला तिकडच्या मुख्य कंपनीनं साहेबांना पाठवलं. वय साठीच्या अलीकडे, उंची इतकी की कॅन्टीनच्या टेबलाखाली त्यांचे गुडघे मावत नसत, ते तिरके बसून जेवायचे. गेटवरच्या वॉचमननं त्यांना पहिल्याच दिवशी ऑस्ट्रेलियाचे ठरवून टाकलं आणि बॅटिंगची चौकशी केली. साहेबांनी नकाशा काढून आपला देश दाखवला. वॉचमननं नकाशा नीट बघितला, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बॅटिंगचं विचारलं. साहेबांनी पंधरा दिवस दम धरला आणि मग चक्क क्रिकेटचा अभ्यास सुरू केला. माणूस इतक्या आपुलकीनं विचारतो तर त्याला उत्तर मिळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. दिवाळीपर्यंत ते वॉचमनशी लेगस्पिनवर वाद घालत होते.

मी परचेसमध्ये. पण इंग्रजी बोलतो म्हणून साहेबांची बाहेरची सगळी कामं माझ्याकडे आली. रावेतला त्यांचा फ्लॅट, पलीकडे पुनावळ्यात माझं घर, त्यामुळं कंपनीच्या गाडीतून आमचं येणं-जाणं बरोबर. एका संध्याकाळी मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना, आजूबाजूच्या शेकडो दुचाक्यांकडं बघत त्यांनी मला एक गोष्ट सांगितली आणि ती कुणाला सांगू नको म्हणाले. तीस वर्षं ते मोटारसायकलचे ब्रेक बनवत होते, पण मोटारसायकल त्यांनी कधी चालवलेली नव्हती. जिलबीच्या कढईपुढं जन्म काढलेल्या हलवायानं जिलबी चाखलेलीच नसावी, तसा प्रकार. तरुणपणी तिकडचं लायसन्स परवडलं नाही. शिकवणीचे तास, प्रथमोपचाराचा कोर्स, हायवेचे तास, अंधारातले तास, सगळ्याचे वेगळे पैसे. पुढं पैसे आले तेव्हा अठरा वर्षांच्या पोरांशेजारी वर्गात बसायची लाज वाटली. आमच्या लाइनवरची पोरं विचारायची, "सर, तुमच्याकडं कोणती बाइक?" तेव्हा साहेब एकदम मशीनमध्ये डोकं घालून काहीतरी तपासायला का लागत, ते मला त्या दिवशी कळलं. परत जायच्या आत इथं लायसन्स काढायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. इथलं लायसन्स तिकडं चालणार नाही हेही त्यांना माहीत होतं. "चालायला नकोच आहे," ते म्हणाले. "मला फक्त कुणी विचारलं तर मशीनकडे पळायचं नाही."

तर साहेबांचा पहिला विक्षिप्तपणा म्हणजे स्वस्ताईवरचा अविश्वास. शिकाऊ लायसन्सची फी भरली ती दोनशेच्या आसपास. साहेब पावती उलटीपालटी करून बाकीचे पैसे कुठं भरायचे विचारत राहिले. बाकीचे नाहीतच म्हटल्यावर ते अस्वस्थ झाले. तिकडं लायसन्सला जेवढा खर्च येतो तेवढ्यात चाकणच्या शोरूममधून नवी कोरी गाडी हार घालून बाहेर निघते. एवढ्या कमी पैशात कुणी लायसन्स देतंय म्हणजे त्यातलं काहीतरी गाळलेलं असणार, आणि गाळलेलं ते आपण भरून काढायचं, हा त्यांचा हिशोब. मग त्यांनी स्वतःच्या खर्चानं प्रथमोपचाराचा कोर्स केला. आठवडाभर कॅन्टीनमध्ये ज्याला ठसका लागेल त्याच्या पाठीमागं साहेब धावत. लोक पाणी पिताना इकडंतिकडं बघायला लागले.

गाडी घेतली दापोडीच्या चाचांकडून. चाचा जुन्या गाड्या दुरुस्त करून विकतात, आणि त्यांच्या तोंडून मालाची निंदा आजवर कुणी ऐकलेली नाही. साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला की या गाडीत खराब काय आहे. चाचा गोंधळले. उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकानं हे असं विचारलेलं नव्हतं. आधी संकोचानं त्यांनी साखळीचं सांगितलं. साहेबांनी वहीत लिहून घेतलं आणि आभार मानले. मग चाचांना चव लागली. क्लच, मागचा शॉकअप, टाकीचा गंज, आतून वेल्डिंग केलेला स्टँड, एकेक सांगता सांगता ते इतके रंगले की शेवटी म्हणाले, "साहब, मेरी मानो, ही घेऊच नका." साहेबांनी तीच घेतली, कारण हिचं सगळं माहीत होतं. हेल्मेट त्यांनी बाहेरून मागवलं, ते गाडीपेक्षा महाग निघालं. चाचांनी दोन्ही हातांनी ते तोलून बघितलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "गाडी भंगार चालतीय, भाऊ. डोकं भारीतलं दिसतंय."

इथवर माझं काही बिघडलं नव्हतं. पण साहेबांनी नियमांचं पुस्तक मिळवलं. त्यात त्यांना सापडलं की शिकाऊ माणसानं मागं कुणाला बसवायचं नाही, बसलाच तर लायसन्सवाला शिकवणारा. माझ्याकडं लायसन्स होतं. म्हणजे कायद्यानं मी त्यांचा गुरू झालो. रोज सकाळी रावेतहून चाकणला गुरू मागं आणि शिष्य पुढं. वेग पंचविसाच्या वर नाही. अंगात जाड पिवळं जॅकेट, कोपराला आणि गुडघ्याला कवचं, आणि एप्रिलचं ऊन. सिग्नलला थांबलं की जॅकेटच्या गळ्यातून वाफ निघतेय असं वाटायचं. पिवळा दिवा लागला की साहेब थांबत. मागचे सगळे पिवळा बघून वेग वाढवत असल्यामुळं आमच्या पाठीमागं रोज सकाळी एक लहानसा प्रलय घडायचा. कुणी हॉर्न दिला की साहेब मान वळवून हात वर करत, ओळखीच्या माणसानं हाक मारल्यासारखे.

नंबरप्लेटला लाल एल होताच. पण साहेबांनी एके दिवशी पाहणी केली आणि त्यांच्या लक्षात आलं की उंच टेम्पोवाल्याला खालचा एल दिसत नाही, त्याला दिसते ती माझी पाठ. दुसऱ्या दिवशी त्यांनी पांढऱ्या कापडावर वीतभर उंचीचा लाल एल शिवून आणला, नाड्यांसकट, आणि तो माझ्या पाठीला बांधला. मी दोन्ही हात वर करून बांधून घेतला. त्यांनी तो स्वतः शिवला होता, आणि टाके ब्रेकच्या ड्रॉइंगसारखे एकसारखे होते. घरी नाडीची गाठ सुटेना म्हणून आईपुढं पाठ करून उभा राहिलो, तर ती म्हणाली, "आरं, ह्ये काय लावलंय पाठीला? आजारी बैलाला लावत्यात तसं?" ती गाठ सोडवेपर्यंत मी भिंतीकडं बघत राहिलो.

टेस्टला साहेब दोनदा नापास झाले. मैदानावर आठाचा आकडा आखलेला, त्यावरून पाय न टेकवता गाडी काढायची. पण साहेब ब्रेकवाले. वळण आलं की त्यांचा हात आपोआप ब्रेकवर जायचा, गाडी जागच्या जागी थांबायची आणि तो लांबलचक पाय जमिनीवर. ब्रेक मात्र उत्तम लागायचे. परीक्षा घेणाऱ्या मॅडम शिस्तीच्या होत्या. "पाय टेकला. पुन्हा या," एवढंच म्हणाल्या. साहेबांनी दोन्ही वेळा वाकून त्यांचे आभार मानले, त्यांचं बरोबर आहे म्हणून. त्यांच्या परतीचं तिकीट आलेलं होतं. तिसरी तारीख मिळाली ती जायच्या आधीची शेवटचीच.

त्या टेस्टच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही मोशीच्या सिग्नलला थांबलो होतो. पिवळ्याला थांबल्यामुळं मागं बस कोकलत होती. तेवढ्यात शेजारी एक जीप येऊन उभी राहिली. आमची भावकी. साखरपुड्याला निघालेली, फेटे बांधून. पुढं माझा चुलतभाऊ. माझ्या फ्लेक्सवर याचं तोंड सगळ्यात मोठं होतं. त्यानं आधी साहेबांना बघितलं, मग मला, मग वाकून माझी पाठ बघितली.

"पाठीवं एक यल, गाडीला एक यल," तो जीपमध्ये मागं वळून म्हणाला. "आरं, आपलं येडं यलयलबी झालं की. वकीलसाहेब, आमची जमिनीची केस घेता का?"

जीपमधल्या बायका पदराआड आणि बाप्ये उघड हसले. बसचा कंडक्टरही हसला. मला पुढचं कळलंच नाही. मी नाडी तोडून कापड खिशात कोंबलं, गाडीवरून खाली उतरलो आणि टपरीकडं असा चालू लागलो, जणू मी तिथं चहालाच आलो होतो. सिग्नल सुटला. साहेब निघाले. ते गाडी चालवताना मागच्याशी बोलायचे, तसे त्या दिवशीही बोलत गेले. त्यांचं हेल्मेट हळूहळू हलताना मला लांबपर्यंत दिसत होतं.

मी शेअर रिक्षानं निघालो. त्यांच्या आधी पोहोचून कारण काय सांगायचं ते जुळवत होतो. कुरुळी फाट्याच्या अलीकडं रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला पिवळं जॅकेट दिसलं. साहेब उलटे फिरले होते. गाडी रसवंतीपाशी उभी, हेल्मेट आरशाला अडकवलेलं, आणि साहेब रस्त्याकडेच्या सांडपाण्याच्या चरात वाकून बघत होते. भोवती चार माणसं. रिक्षा थांबवायला मी तोंड उघडलं, पण शेजारी बसलेल्या माणसाला काय सांगायचं ते सुचेना, आणि रिक्षा पुढं गेली.

ते दुपारी आले. गाडी चालवताना फोन बंद करून डिकीत ठेवायची त्यांची सवय, आणि त्या गडबडीत तो चालू करायचं त्यांना सुचलंच नव्हतं, त्यामुळं माझे फोन लागले नव्हते. गुडघ्यापर्यंत चिखल, जॅकेटला काटे, सोबत स्वतःच्या स्कूटरवर रसवंतीवाला. त्यानंच मला सांगितलं की साहेब मोशीपर्यंत प्रत्येक टपरीवर थांबले आणि त्यांना येणारं मराठी पुन्हा पुन्हा बोलले: माझा माणूस पडला, पाहिला का. दोन दवाखान्यांतही जाऊन आले. मला गेटवर उभा बघून साहेब सरळ माझ्याकडं आले. कोर्समध्ये शिकवल्याप्रमाणं त्यांनी आधी माझे डोळे तपासले, मग बरगड्या दाबून बघितल्या, मग मनगट धरून घड्याळाकडं बघत राहिले. वॉचमन बघत होता. मग ते बाकावर बसले आणि गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"उद्या टेस्टला जायचं नाही," ते म्हणाले. "मागचा माणूस पडला आणि मला कळलं नाही. मी बोलतच राहिलो. अशा माणसाला लायसन्स मिळता कामा नये."

मला गप्प बसता आलं असतं. ते परत जाणार होते आणि गोष्ट तिथंच संपली असती. पण त्यांच्या हातावर काट्यांचे ओरखडे होते.

"सर, मी पडलो नाही," मी म्हणालो. "मी उतरलो."

"का?"

"लाज वाटली."

"माझी?"

त्या एलची, भावकीची, कुणाचीही म्हणता आलं असतं. मी हो म्हणालो.

साहेबांनी बराच वेळ बुटाचा चिखल काडीनं काढला. मग विचारलं, "म्हणजे ब्रेक लावताना झटका बसून पडला नाहीस?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मोठा श्वास सोडला. एवढा निवळलेला चेहरा मी त्यांचा लाइन चालू झाली तेव्हाही पाहिला नव्हता. रागावले असते तर मी माफी मागून मोकळा झालो असतो. त्यांनी माझ्या हातातून किल्ली परत घेतली. "पुढच्या वेळी उतरताना खांद्यावर थाप मार," ते म्हणाले. "शिकाऊ माणसाला मागचं वजन कमी झालेलं कळत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते कापड खिशातून काढलं, तुटलेल्या नाडीला सुतळी जोडली आणि त्यांनी न मागता पाठीला बांधलं. मोशीच्या सिग्नलला पिवळ्यावर थांबलो तेव्हा मी चांगली मान वर करून बसलो होतो. त्या दिवशी नेमकं ओळखीचं एकसुद्धा माणूस दिसलं नाही. टेस्टच्या मैदानावर साहेबांनी ब्रेकवरची बोटं उचलून हँडलच्या मुठीवर घेतली आणि आठ काढला. वाकडा, डुगडुगता, पण पाय न टेकता. मॅडमनी नुसती मान हलवली. साहेबांना ते पुरेना, त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी गुरू. मीही मान हलवली.

लाइनवरच्या कुणीच मग त्यांना बाइकचं विचारलं नाही, म्हणून त्यांनी स्वतःच एकेकाला गाठून सांगितलं. गाडी चाचांना परत विकताना आपण तिच्यात कोणकोणते नवे दोष घातले ते वहीतून वाचून दाखवलं. चाचा इतके शरमले की त्यांनी जास्तच पैसे दिले. आता कुणी जुनी गाडी बघायला आलं की चाचा आधी तिची खोड सांगतात, आणि धंदा बसला म्हणून साहेबांच्या नावानं प्रेमानं बोटं मोडतात. लायसन्सचं कार्ड पोस्टानं आलं ते साहेब गेल्यावर. मी ते पाठवून दिलं. तिकडं त्याचा काही उपयोग नाही. त्यांनी फोटो पाठवला, कार्ड त्यांच्या टेबलावर ब्रेकच्या पहिल्या नमुन्याशेजारी उभं केलंय.

जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांची गाडी विकलेली होती, म्हणून मी त्यांना माझ्या गाडीवरून रावेतला सोडलं. ते पहिल्यांदाच मागं बसले होते. बिल्डिंगच्या गेटपाशी मी थांबलो. उतरायच्या आधी माझ्या खांद्यावर दोनदा थाप पडली. मग ते उतरले, हात वर केला आणि त्या लांब टांगा टाकत आत गेले.

पुनावळं तिथून जवळच. पण मागचं वजन कमी झालेलं मला घर येईपर्यंत कळत राहिलं.