आईच्या पाठीवरचा पाय

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, डोकं मागून. आमच्याकडं परभणीच्या बाजूला असं मूल जन्मलं की दोन गोष्टी पक्क्या धरतात. एक, वीज कडाडायला लागली की त्याला उंबऱ्याबाहेर सोडायचं नाही, कारण वीज पायाळू माणसाला शोधत येते. दुसरी, कुणाच्या पाठीत उसण भरली की त्या मुलाचा पाय पाठीला लावायचा. उसण उतरते.

त्यामुळं मला चालता यायला लागलं तसे आमच्या ओसरीवर लोक पालथे पडायला लागले. कापूस वेचून आलेल्या बाया, मोंढ्यातले हमाल, एकदा तर शाळेचे हेडमास्तर. मास्तर पालथे पडून म्हणाले, "मार जोरात. वर्गात मी तुला मारतो त्याची फेड करून घे." मी घाबरून पाय नुसता टेकवला, तर म्हणाले, "ही फेडीतसुद्धा कच्ची." सातवीनंतर माझी शाळा सुटली, पुढची शाळा लांब होती. पायाचं काम काही सुटलं नाही.

त्याचे नियम आईनं ठरवलेले होते, का तिच्या आईनं, मला माहीत नाही. पैसे घ्यायचे नाहीत. आणि ज्याच्या पाठीला पाय लागला त्यानं उठून सरळ निघायचं, मागं वळून बघायचं नाही. बघितलं की उसण ओळख धरते आणि पाठोपाठ येते. सगळे गेले की आई चूल सारवून यायची, पदर खोचायची आणि पालथी पडायची. "आता माझी पाळी. वजन दे, लाजू नको." मी दोन्ही पायांनी तिच्या कमरेवर उभी राहायचे आणि ती खालून समाधानानं कण्हायची. उठली की ती पण मागं न बघता थेट चुलीकडं जायची. मला त्याचं हसू यायचं, दोन पावलांवर तर चूल.

लग्नानंतर नवऱ्याला अलिबागच्या पुढं, मुरुडच्या रस्त्याला एका बंगल्याची राखण मिळाली. मालक सुट्टीला येतात. बंगल्यामागं सुपारीची वाडी, वाडीत एक छोटं कौलारू घर. ते एका मॅडमनी भाड्यानं घेतलं होतं. त्या मुंबईच्या, परदेशात शिकून आलेल्या. शुक्रवारी गाडीसकट रो-रो बोटीनं यायच्या, रविवारी परत. बाहेर पाटी होती, ऑस्टिओपॅथी. कुणी मला विचारलं तर मी सांगायचे, हातानं बघतात. झाडणं, चादरी धुणं, आलेल्याला पाणी देऊन बसवणं, हे माझं काम.

सुरुवातीला मला वाटायचं, ही शहरातली मालीश असेल. पण तेल नाही, रगडणं नाही. मॅडम माणसाला उभं करून बघायच्या, चालवून बघायच्या, मग आडवं करून हात ठेवायच्या. कधी मान धरून हळू फिरवायच्या, कधी बरगड्यांवर हात ठेवून नुसत्या त्याच्या श्वासाबरोबर थांबायच्या. पनवेलकडचे कंटेनर चालवणारे यायचे, त्यांच्या माना आखडलेल्या. मुंबईचे कॉम्प्युटरवर बसून वाकलेले. दप्तरानं एका अंगाला कललेली पोरं. रडरड करणारी तान्ही घेऊन बाळंतिणी. तान्ह्याला हात लावायच्या आधी मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला, "बाळाच्या डॉक्टरांनी बघितलंय का?" नसेल बघितलं तर त्या हात धुवायच्याच नाहीत, आधी तिकडं पाठवायच्या.

समोरच्या कोळीवाड्यातली एक मावशी मासळीची पाटी वाहून खांदा गेला म्हणून यायची. जाताना मला म्हणायची, "काय गो बाय, तुज्या मॅडमच्या हातान काय जादू हाय? खांदा दुखतो म्हनून येते नि घोरत पडते." मी तसं मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या. "जादूबिदू नाही. मी बरं करत नाही, थोडं सैल करते. बाकीचं शरीर करतं. कधी करतं, कधी नाही करत."

मला हे बोलणं फार पटलं. मी पण इतकी वर्षं पाय ठेवत होते, पण कधी बरं होतं आणि कधी नाही, हे कुणी मोठ्यानं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

मला दिवस गेले तेव्हा माझीच कंबर धरली. बादली उचलली की जांघेत कळ यायची. मॅडमनी मला कुशीवर निजवलं, गुडघ्यांमध्ये उशी दिली आणि माकडहाडाजवळ हात ठेवला. कितीतरी वेळ काही केलंच नाही, असं मला वाटलं. मग एकदम माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुखण्याचं नव्हतं. माहेर सोडल्यापासून माझ्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता, एवढंच. मॅडम म्हणाल्या, "रड. मी कुठं जात नाही." त्या दर आठवड्याला मला बघायच्या. त्याआधी माझे दवाखान्यातले कागद बघायच्या. मी त्यांचे उपकार कुठं ठेवू, मला अजून जागा सापडली नाही.

आईचे फोन त्याच्या आधीपासूनच यायचे. आधी आभाळाचं विचारायची. "तुमच्याकडं कडाडायलंय का? बाहेर जाऊ नको, समुद्राकडं तर नकोच." मग पाठीचं. "लई दुखायलीय गं माय. उसण भरली. तू आलीस की पाय दे." मी म्हणायचे, दिवाळीला येते. दिवाळीला मालकांचे पाहुणे आले. मग संक्रांतीला म्हटलं. मग दिवस गेले आणि डॉक्टरनी लांबचा प्रवास नको सांगितलं. आई म्हणायची, "असू दे. मी थांबते की."

ती खरोखर थांबली. हे मला भावानं नंतर सांगितलं. गावातल्या बाया तिला म्हणत होत्या, तालुक्याला दाखव, सरकारी दवाखान्यात दाखव. ती सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, "माझी डॉक्टर अलिबागला हाय. ती आली की बघू." आणि बाया पण गप्प बसायच्या, कारण त्या सगळ्या कधी ना कधी माझ्या पायाखाली पडलेल्या.

मला सातवा लागला तेव्हा आई स्वतःच आली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, ते जमेना म्हणून माहेरच लेकीकडं आलं, असं ती फाटकातच म्हणाली. भाऊ एसटीतून तिला धरून घेऊन आला होता. मी तिच्याकडं बघतच राहिले. पोलक्याच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या.

चहा पिऊन होतो न होतो तोच ती चटईवर पालथी पडायला लागली. पण पालथं पडता येईना. कुशीवर वळली. "ये. दे पाय."

मी नाही दिला. माझा स्वतःचा तोल जात होता हे एक कारण. दुसरं म्हणजे मॅडमचे हात बघून बघून मला भीती बसली होती. पाठीच्या आत काय काय असतं हे आधी मला माहीतच नव्हतं, म्हणून मी बिनघोर उभी राहायचे. मी म्हटलं, "आई, उद्या मॅडम येतायत. त्यांना आधी बघू दे, मग मी देते."

"हां. आता मोठी डॉक्टरीण भेटली, आईच्या पाठीला शिफारस लागायली."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला खुर्चीत बसवलं. विचारलं, "निजल्यावर बरं वाटतं का?"

आई माझ्याकडं बघून म्हणाली, "सांग बाईंना, निजलं की जास्त. पहाटेपर्यंत डोळा लागत नाही."

"जेवण जातं का?"

"सांग, मन होत नाही."

मॅडमचा हात पाठीवरून खाली आला, हळू, एकेका मणक्याशी थांबत. एका जागी आईनं श्वास आत ओढला. हात तिथंच राहिला, मग मॅडमनी तो उचलला आणि आईच्या खांद्यावरून घसरलेला पदर सारखा केला. "आई, आज मी काही करणार नाही. आधी पाठीचा फोटो काढू."

बाहेर वाडीत येऊन आई मला म्हणाली, "देवळातून बिनप्रसादाचं पाठवल्यासारखं केलं बाईनं. एवढं शिकून नुसता हात फिरवला. तू बरी, निदान लाथ तरी घालायचीस."

मॅडमनी मला आत बोलावलं. दार लोटलं. "अगं, आखडलेल्या पाठीचं दुखणं निजल्यावर थोडं तरी उतरतं. हे तसं नाही. हे माझं काम नाही, आणि तुझं पण नाही. पाय ठेवू नकोस. हाडं ठिसूळ झाली असतील तर मोडतील." मग म्हणाल्या, "चल, आवर. आपण आत्ताच जाऊ."

त्यांनी स्वतःच्या गाडीनं आम्हाला अलिबागला नेलं. तिथल्या डॉक्टरनी फोटो बघून मुंबईला पाठवलं. रो-रोवर आई पहिल्यांदा समुद्रात गेली. तिनं पाणी बघितलंच नाही, आभाळ बघत बसली. "पायाळू पोरीला एवढ्या मोकळ्यात आणतात का कुणी? तू गाडीतच बस." माझ्या पोटावर तिनं पदर धरला होता, जणू वीज पदरानं अडणार होती.

मुंबईत कळलं. मूळ छातीत होतं. तिथली गाठ तिनं कुणाला सांगितली नव्हती, मला पण नाही. तिथून ते मणक्यांत उतरलं होतं. डॉक्टर चांगले होते, खोटं बोलले नाहीत. दुखणं कमी करता येईल म्हणाले, घालवता येणार नाही. औषधं दिली, पाठीवर मशीनचा शेक दिला. त्यानं आईला थोडी झोप यायला लागली.

तिला घेऊन आम्ही परत बंगल्यावर आलो, आणि त्यानंतर दर शनिवारी मॅडम आमच्या खोलीत यायच्या. जमिनीवर बसून आईचं डोकं हातात घ्यायच्या, तळपाय धरायच्या. पाठीला हात लावायच्या नाहीत. पहिल्याच वेळी त्यांनी स्पष्ट सांगितलं, "आई, ह्यानं आजार जाणार नाही हं. जरा बरं वाटेल, तेवढंच."

आई म्हणाली, "ठाऊक हाय. कर."

ती त्या हातांत झोपायची. मॅडम तिची झोप मोडू नये म्हणून पायाला मुंग्या आल्या तरी उठायच्या नाहीत. मी दारात उभी राहून बघायचे. मला मॅडमबद्दल एवढी माया यायची आणि त्याच वेळी वाटायचं, हे माझं काम होतं.

मग आईनं धरलं, मला घरी न्या. "माझी माती तिकडं हाय. इथं समुद्राच्या वाऱ्यात मला नको." भाऊ गाडी घेऊन आला. मला नववा लागायला आला होता, मी जाऊ शकत नव्हते. जायच्या आधी दुपारी ती चटईवर कुशीवर पडली, तोंड भिंतीकडं. "आता तरी दे. एवढ्या लांब त्यासाठी आले मी."

मी आदल्याच दिवशी मॅडमना विचारून ठेवलं होतं. नुसता टेकवला तर? त्यांनी हातातल्या चादरीची घडी घातली. मग म्हणाल्या, "नुसता टेकव. सगळं वजन तुझ्या दुसऱ्या पायावर. मी तरी रोज दुसरं काय करते?"

मी खिडकीचा गज धरला. पोट एवढं, की मला माझा पाय दिसतच नव्हता. चाचपडत तळवा तिच्या कमरेला लावला. पोलक्याखाली नुसतं हाड आणि ऊब.

"वजन दे," आई म्हणाली.

"दिलंय."

"कुठं दिलंयस? लागेना."

"दिलंय गं आई. तुला आता सवय नाही राहिली."

जमिनीवरचा माझा पाय थरथरत होता. मग ती म्हणाली, "हां. लागलं आता. उतरायली." आणि जुनं कण्हणं कण्हली, समाधानाचं. तिला कळलं होतं का नाही, मी सांगू शकत नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते. मुलगी झाली, तेव्हा आई गावाकडं होती. फोनवर तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. विचारलं, "आधी पाय का डोकं?"

"डोकं."

"बरं झालं. विजेचा घोर गेला." मग म्हणाली, "पण मग लोकांच्या पाठी कोण बघणार गं?" बारशाच्या आधी आई गेली. मुलगी संध्याकाळी रडरड करायची, तेव्हा डॉक्टरना दाखवून मग मॅडमनी तिला मांडीवर घेतलं. ती गप्प झाली. मीच झाले नाही.

कोळीवाड्यातल्या मावशीला कुणीतरी सांगितलं असावं मी पायाळू आहे ते. मध्ये म्हणाली, "मंग माज्या कमरंला देस का पाय?" मी म्हटलं, "मावशी, मॅडमना दाखवा आधी." ती म्हणाली, "तू पन मॅडम झालीस गो." मी हसले. पाय नाही दिला. कुणाला देईन असं वाटत नाही.

पण मला अजून दिसते ती त्या दुपारची गाडी. भावानं आईला उचलून मागच्या सीटवर बसवलं, कुशीला उशा लावल्या. मी फाटकाला धरून उभी होते. मला वाटलं, आता ती माझ्याकडं बघेल. तिचं डोकं काचेतून मागून दिसत होतं, पांढरा अंबाडा. गाडी सुरू झाली, सुपारीच्या झाडांखालून रस्त्याला लागली. तिची मान एवढीशीसुद्धा वळली नाही. पाय लागल्यावर मागं बघायचं नसतं.

हाक मारली असती तर ती वळली असती. मी तोंडावर पदर धरला आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तसाच धरून ठेवला.