ऑटोत टाकलेली मेमरी

कॉम्प्युटरच्या बायोसमधली, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधली सेटिंग्ज बिघडली, तर मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल काढून परत बसवायचा. सगळं कोरं होतं. किश्शांना मात्र असला सेल नाही. चेन्नईत, अण्णा नगरच्या आमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी चार वर्षं काढली आणि ते साठतच गेले. त्यातले निम्मे राव सरांचे!

राव सर तंजावरचे मराठी. मी सांगलीचा, म्हणून माझ्याशी त्यांच्या जुन्या मराठीत बोलायचे. बोलताना अडखळायचे, शब्द घशाशी येऊन थांबायचा. हाताला मात्र तोड नाही! टीम लीडची जागा दोनदा हुकली होती, दोन्ही वेळा इंटरव्ह्यूमध्ये. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार, म्हणजे यंदाची संधी शेवटची.

*

पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणा केला. मेमरीकडे काही मागितलं की उत्तर द्यायला तिला मशीनच्या घड्याळाचे किती ठोके द्यायचे, ते बायोसमध्ये ठरवता येतं. तेच मेमरी टायमिंग. मी आकडे धडाधड कमी केले. "आता कसला पळेल बघा, सर!"

स्क्रीन काळी. पंखे फिरतायत, बाकी शुकशुकाट! मी जाहीर केलं, "रॅम गेली."

सरांनी सेल काढला, बसवला, आकडे पुन्हा वाढवले. मशीन सुरू!

"मेमरी बरी होती रे," ते म्हणाले. "तूं... तूं थांबलास नाहीं."

*

आमचा मुरुगन तोंडाचा भारी चपळ. एका ऑफिसात कोणी पेन ड्राइव्ह लावू नये, म्हणून त्याने बायोसमधल्या चिपसेटच्या पानावर जाऊन सगळे यूएसबी बंद केले. मशीन पुन्हा सुरू झालं, तर कीबोर्डही मेलेला. तोही यूएसबीचाच!

मुरुगन शांतपणे म्हणाला, "सिक्युरिटी अशी पाहिजे! आता मालकालाही आत जाता येणार नाही!"

*

तांबरमच्या एका आजींचा पीसी सारखा अडकायचा. आजीही तंजावरच्या, त्यामुळे फोन सरांकडे. बायोसमध्ये 'ऑटो' निवडलं की टायमिंग मशीन आपलं आपण ठरवतं. सर तेच सांगत होते.

"मेमरीचं सगळं ऑटो... ऑटो..."

"ऑटोंत घालून धाडूं? सरि, सरि!" 'सरि' म्हणजे 'बरं'. फोन कट.

दीड तासाने दारात ऑटोरिक्षा. मागच्या सीटवर जुन्या साडीत गुंडाळलेला पीसी, एकटाच! ड्रायव्हर म्हणाला, "अम्मांनी बजावलंय, मेदुवा ने." मेदुवा म्हणजे हळू.

आम्ही पोट धरून हसलो. सरही हसले. नंतर चहा पिताना म्हणाले, "सगळे असेंच फोन ठेवतात रे." मला फार वाईट वाटलं.

*

आणि मग तो इंटरव्ह्यू. प्रोजेक्टर सांभाळायला मी आतच होतो. हेड ऑफिसच्या साहेबांनी विचारलं, "नवी रॅम लावल्यावर मशीन मधूनच बंद पडतंय. आधी काय कराल?"

असली मशीन सरांनी शेकड्यांनी दुरुस्त केलेली! ओठ हलले, पण शब्द येईना. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "ओके. आठवत नसेल तर पुढचा प्रश्न."

सरांनी हात वर केला. पाण्याचा घोट घेतला.

"सर, टायमिंग... थोडं सैल करा," ते म्हणाले. "मेमरी... मेमरी बरी आहे."

मग साहेबांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं, खिशात टाकलं आणि म्हणाले, "बोला, राव सर."