आईचा अंगठा

बेळगावात कॉलेजमध्ये मी जीवशास्त्र शिकवते. स्नायूंचा धडा आला की आजही एका वाक्यापाशी मी अडखळते. स्नायूच्या प्रत्येक तंतूत जाड आणि बारीक धागे एकमेकांत शिरलेले असतात. जाड धाग्याच्या मुंड्या बारीक धाग्याला पकडून आत ओढतात आणि स्नायू आखडतो. इथवर ठीक. मग सांगावं लागतं की ती पकड सोडायलाही शक्ती लागते, आणि ती फक्त जिवंत शरीराकडे असते.

त्या दिवशी मी हेच शिकवत होते. निपाणीहून मावशीचा फोन आला, "आईला बरं न्हाय गं, निघ लगेच." आईचं दुखणं रोजचंच होतं, उभा जन्म विड्या वळून तिचं अंग मोडून गेलेलं. मी धडा संपवला, पुढचा तासही घेतला. माझं नेहमीचंच, वरातीमागून घोडं. बस संकेश्वरजवळ उसाच्या ट्रॅक्टरांमागे खोळंबली. पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. आई सकाळीच गेली होती. मावशीनं फोनवर तेवढंच सांगितलं नव्हतं.

आमच्यात सवाष्ण गेली की हिरवा चुडा लेकीनं भरायचा, म्हणून सगळे माझ्यासाठी थांबलेले. बांगडी चढायला अंगठा तळव्यात दुमडावा लागतो. आईचा अंगठा दुमडेना. पहिलीच बांगडी वाढवली. फुटली म्हणायचं नसतं.

का दुमडत नाही ते त्या घरात मला एकटीला माहीत होतं. मुंड्या अडकून बसल्या होत्या. दीडेक दिवसात आपोआप सैल पडल्या असत्या.

"उद्यापर्यंत थांबू या," मी म्हणाले.

मावशी रागावलीसुद्धा नाही. "सकाळी हात मऊ हुता गं. तवाच आली असतीस तर बसल्या असत्या बांगड्या. आता वढ. तिला काय दुखतंय."

मी दोन्ही हातांनी जोर लावला. अंगठ्याच्या बुडाशी काहीतरी सुटल्याचं जाणवलं आणि हात एकदम लुळा पडला. असा ताठा एकदा मोडला की परत येत नाही. तो हात माझ्या हातात जिवंत असल्यासारखा मऊ होता, आणि त्या मऊपणाची मला अजून भीती वाटते.

बांगड्या सरसर चढल्या. मावशीनं डोळ्यांना पदर लावला. "बघ, लेकीसाठी थांबलती. आल्यावर दिला बघ हात."

बायका रडायला लागल्या. मी ‘हो’ म्हणून मान हलवली.