वैशंपायनांची अडीच पानं

गोपाळकृष्ण वैशंपायनांना कोणी डांबून ठेवलं होतं असं नाही. त्यांनी स्वतःच स्वतःला डांबून घेतलं होतं, तेही टंकलिखित अडीच पानांत, खाली सही-शिक्क्यानिशी.

कराडजवळच्या एका साखर कारखान्यात ते संगणक विभागाचे प्रमुख होते. विभागात माणसं दोन. एक प्रमुख, आणि दुसरा ज्याचे ते प्रमुख, तो आकाराम. या विभागाच्या संगणकात चौदा हजार शेतकऱ्यांची ऊस-नोंद होती. कोणी कोणत्या तारखेला लागण केली, त्यावरून कोणाचा ऊस आधी तुटणार ते ठरायचं. ही नोंद पुसली गेली असती, तर चौदा हजार माणसं आपापली तारीख तोंडी सांगायला गेटवर आली असती, आणि प्रत्येकाचा ऊस पहिल्याच दिवशी लावलेला निघाला असता.

म्हणून वैशंपायनांनी नोंद सांभाळायची योजना लिहिली. रोज संध्याकाळी दुसऱ्या डिस्कवर एक प्रत. दर शनिवारी टेपवर एक. टेपा चार, आळीपाळीनं वापरायच्या. कलम चार : कोणत्याही क्षणी किमान एक टेप कारखान्याच्या आवाराबाहेर असलीच पाहिजे; आग लागली, पाणी शिरलं, तरी ती वाचावी. कलम सात : ती टेप ज्याच्या घरी असेल, त्यानं रात्री गाव सोडू नये. आणि ‘जबाबदार व्यक्ती’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव : गो. वि. वैशंपायन. लिहिताना त्यांना तो रकाना फार देखणा वाटला होता.

त्याला आता पाच वर्षं झाली होती. बायको शरयू सांगलीच्या शाळेत शिक्षिका, मुलगी स्वानंदी तिच्याजवळ. वैशंपायन कराडात दोन खोल्यांत, आणि त्यांच्याबरोबर लोखंडी कपाटात टेप. रविवारी सकाळच्या एसटीनं ते सांगलीला जायचे आणि संध्याकाळी परत. मेहुण्याचं लग्न त्यांनी अक्षतांपुरतं पाहिलं. म्हसवडला कुलदैवताच्या यात्रेला पाच वर्षांत जाणं झालं नाही.

“तुमची ती टेप आजारी पडते का हो कधी?” शरयूनं एकदा विचारलं.

“नाही. का?”

“नाही, तिच्या उशाशी बसून असता, म्हणून विचारलं.”

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात सांगलीच्या एका कॉलेजनं त्यांना संगणक प्रयोगशाळेसाठी बोलावलं. वीस ऑक्टोबरच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. वैशंपायन राजीनामा घेऊन कार्यकारी संचालकांकडे गेले. सुमंतसाहेबांनी राजीनामा बाजूला ठेवला आणि खणातून ती अडीच पानं काढली.

“वैशंपायन, हे तुम्हीच लिहिलंय ना? यात तुमच्याशिवाय माणूसच नाही. महिन्याभरात गाळप सुरू होतंय. तुम्हाला सोडू कसा?”

“आकाराम करील, साहेब.”

“मग दाखवू दे करून. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं एकट्यानं टेपवरून सगळी नोंद नव्या डिस्कवर उभी करायची. झाली, तर तुम्ही मोकळे. नाहीतर हंगाम संपेपर्यंत इथंच.”

आकाराम फौजेच्या सिग्नल तुकडीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. लिहिलेला कागद म्हणजे त्याला हुकूम. अडीच पानं त्यानं पाठ केली. अडचण एवढीच, की वैशंपायनांना त्याचा भरवसा वाटत नव्हता. मनुष्य काटेकोर आहे, पण त्याला ‘समज’ नाही, असं ते शरयूला म्हणायचे.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा. बॉयलरला हार, वजनकाट्याला हार, ट्रकना केळीचे खुंट. संगणकाची पूजा वैशंपायन स्वतः करायचे. हे आपलं इथलं शेवटचंच वर्ष, तेव्हा या वेळची पूजा साग्रसंगीत करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. ते आले ते पिशवीतून घरची टेप घेऊनच.

आकाराम ताठ उभा राहिला. “आवं साहेब, कलम चार.”

“आकाराम, वर्षाचा सण आहे. बाकी तिघींची पूजा व्हायची आणि ही एकटीच कपाटात पडून राहायची?”

“हुकमात सण लिवल्याला न्हाई.”

“मी लिहिलंय ते. मला माहीत आहे.”

आपल्या माणसांपासून लांब एकट्यानं राहायचं म्हणजे काय, हे पाच वर्षं सोसलेल्या माणसाचा जीव एका टेपसाठी तुटला, यात नवल नाही. चौघी पाटावर ओळीनं मांडल्या. आता कुंकू लावायचं. पण प्लॅस्टिकच्या खोक्याला लावणं म्हणजे माणसाच्या कपाळाऐवजी शर्टाला लावल्यासारखं. वैशंपायनांनी प्रत्येकीची छोटी झडप उचलली आणि ओल्या हळदीचं, कुंकवाचं बोट थेट आतल्या फितीला टेकवलं. वर अक्षता टाकल्या. डोळे मिटून हात जोडले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सुमंतसाहेब खुर्ची घेऊन बसले. आकारामनं ताजी टेप यंत्रात सरकवली. यंत्र घरघरलं, मग दळल्यासारखं करकरलं आणि थांबलं. टेप बाहेर काढली तर फीत चुरगाळलेली आणि यंत्राच्या तोंडाला लाल-पिवळा लेप. मागोमाग तांदळाचा एक दाणा टुणकन टेबलावर पडला.

“हे काय?” साहेबांनी विचारलं.

“पूजा,” वैशंपायन म्हणाले.

त्यांनी उरलेल्या तिघींच्या झडपा उघडून पाहिल्या. तिघीही सवाष्ण. वैशंपायनांच्या डोळ्यांपुढं सगळा हंगाम उभा राहिला : कराडच्या दोन खोल्या, लोखंडी कपाट, रविवारची परतीची एसटी.

आकाराम तोवर कापूस आणि स्पिरिट घेऊन यंत्राचं तोंड पुसत होता. पुसून झाल्यावर त्यानं पँटच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली एक टेप काढली.

“ही पाचवी कुठून आली?” वैशंपायन जवळजवळ ओरडलेच.

“न्हवमीच्या आदल्या दिशी तुमी म्हनला, घरची टेप पूजेला आनतो. तवा न्हवमीला सकाळी साडेसातला येऊन कोऱ्या टेपीवर समदी नोंद उतरवून घेतली. माझ्या घरी फौजेच्या ट्रंकेत ठिवली हुती. दोन रात्री गावातनं हाललो न्हाई.”

“मला न विचारता?”

“रजिस्टरात लिवलंय की, साहेब. खाली तुमची सही हाय.”

सही होती. वाचलं मात्र नव्हतं.

टेप आत गेली. दीड तासात चौदा हजार शेतकरी आपापल्या तारखांसह नव्या डिस्कवर येऊन उभे राहिले. पाचेकशे नावं आकारामनं जुन्या यादीशी ताडून पाहिली. एकही चुकलं नाही.

सुमंतसाहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. हसू आवरायला त्यांना बरेच कष्ट पडत होते. “वैशंपायन, आज संध्याकाळी कागद घेऊन जा. तुम्हाला सोडायला आता माझी काहीच हरकत नाही. खरं सांगू, थोडी घाईच आहे.”

निघताना आकारामनं कडक सलाम ठोकला. “साहेब, तुमची पानं लय भारी हायत. फकस्त नाव तेवढं बदलतो.”

सांगलीच्या एसटीत खिडकीशी बसून वैशंपायनांनी कार्यमुक्तीचा कागद उघडला. पाच वर्षं ज्याची वाट पाहिली तो हाच. ‘पर्यायी व्यवस्था अधिक काटेकोर असल्याचे सिद्ध झाल्यामुळे श्री. वैशंपायन यांना मुक्त करण्यात येत आहे.’ त्यांनी ते वाक्य तीनदा वाचलं. मग घडी अशी घातली, की त्या वाक्याची सुरुवात बरोबर आतल्या बाजूला राहील आणि शरयूला वरवर फक्त शेवटचे शब्द दिसतील : ‘मुक्त करण्यात येत आहे.’