आईनं चहा सोडला तेव्हा

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीला फार्मसीच्या डिप्लोमाला होते. थोरला भाऊ फौजेत, काश्मिरात. त्याची पत्रं यायची थांबली तशी आईनं म्हसवडला जाऊन सिद्धनाथापुढं चहा सोडला. पोरगा घरी येईपर्यंत घोटसुद्धा घ्यायचा नाही. दिवसाला सात-आठ कप ढोसणारी बाई ही!

मी सुट्टीला गावी आले तो तिचा तिसरा दिवस. डोक्याला फडकं आवळून भिंतीला टेकलेली. मळमळ, अंग गळून गेलेलं, बोलायला जावं तर खेकसायची. चुलती म्हणाली, "नजर लागलीया." मी म्हणाले, नजर कसली डोंबलाची, चहा तुटलाय, आठवडाभरात उतरंल. पण आठवडाभर धीर मलाच धरवेना. माझ्या पिशवीत डोकेदुखीच्या गोळ्या होत्या, त्यातली एक दिली.

अर्ध्या तासात बाई उठून भांडी घासायला बसली. "लय गुणाची गोळी हाय गं," म्हणाली. मग सकाळी एक, दुपारी एक, रोजचंच झालं. छातीत धडधडतंय, झोप लागत नाही म्हणायची. काळजीनं होतंय, मी म्हणायचे.

आठव्या दिवशी गोळ्या संपल्या. नव्या आणायच्या म्हणून पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायला घेतलं. ॲस्पिरिन, आणि त्याखाली कॅफीन. चहात असतं तेच. दुखणं लवकर थांबावं म्हणून घालतात. परीक्षेत हेच लिहून मी मार्क मिळवले होते. शिकले काय, कप्पाळ! तिला सांगायला गेले तर तिनंच विचारलं, "गोळीत काय वंगाळ न्हाई न्हवं?" मी नाही म्हणाले.

दोन दिवसांनी तार आली. भाऊ गेला होता.

मी रडले नाही. काही वाटतच नव्हतं, हात नुसते चालत होते. भेटायला येणाऱ्या बायकांना पाणी देत राहिले. आई प्रत्येकीला तेच सांगायची, "आवं, एक घोट न्हाई घेतला. पाळलं की मी. मग का नेला त्यानं?" तेरावं झाल्यावर तिनं देव्हाऱ्यातला सिद्धनाथाचा टाक उचलला आणि चुलतीच्या हातात दिला. "तुमीच पुजा आता," म्हणाली.

मी तिथंच उभी होते. खरं सांगितलं असतं तर तिनं देवाला माफ केलं असतं, स्वतःला केलं नसतं. मी अजून सांगितलेलं नाही.