आत्याचं आयोडीन

"सुमनआत्या गेली," भावाने सकाळी फोनवर सांगितलं, तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "डॉक्टरांनी नीट बघितलं ना रे?" आमच्या घराण्याचा स्वभावच तो. त्यातही संशय घेण्यात आत्याचा हात कुणी धरू शकलं नसतं. डेअरीच्या प्रयोगशाळेत जन्म काढलेली बाई. निवृत्त झाल्यावर लालबागच्या आमच्या घरात दूध तपासल्याशिवाय कुणाला चहा मिळू देत नसे. दूध उकळायचं, निववायचं, वाटीत घेऊन आयोडीनचे दोन थेंब टाकायचे. निळं पडलं की समजायचं, पिठाची भेसळ. लग्नात बासुंदी आली की ती आधी वास घ्यायची, मग यजमानांकडे बघायची. आम्हाला लाज वाटायची.

एका संकष्टीला वाटीत निळं पडलं. तिने दूधवाल्या रामसुमेरला गॅलरीत सगळ्यांदेखत उभं केलं. "मला होताच संशय," ती म्हणाली. तो शपथा घेत राहिला, पण दुपारपर्यंत अख्ख्या मजल्याने त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. दुपारी खिचडी खाता खाता आत्याचा घास अडला. "वहिनी, साबुदाण्याचं पाणी कशात निथळलंत?"

"त्याच दुधाच्या वाटीत. पुसून ठेवली होती की," आई म्हणाली.

आत्याने उरलेलं दूध काचेच्या ग्लासात तपासलं. नुसतं पिवळसर... निळं काहीच नाही. साबुदाण्याचं पीठ वाटीला राहिलं होतं. खिचडी राहिली बाजूला, ती दारोदार गेली. "दूध चोख आहे. चूक माझी." मग त्याच्या तबेल्यावर जाऊन हेच सांगून आली. एवढं खाली बघून चालताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रामसुमेर कॅन घेऊन आला तो थेट आमच्याच दारात. "ताई, आधी तुम्ही तपासा." तेव्हापासून तोच रिवाज पडला. आत्याने मान हलवली की शेजारी पातेली पुढे करायचे.

तेराव्यानंतर मी माहेरीच होते. रामसुमेर दूध ओतून तसाच उभा राहिला.

"काय झालं?"

"थेंब टाका ना, ताई."

"अहो, आमचा विश्वास आहे तुमच्यावर."

त्याचा चेहरा उतरला. "विश्वास काय, सगळेच ठेवतात. त्या दिवशी सगळ्यांचा होताच की, दुपारपर्यंत उडाला... शक करून, तपासून मग हो म्हणणाऱ्या त्या एकट्याच होत्या."

मला स्मशानातही रडू आलं नव्हतं, ते तिथे आलं. मी डोळे पुसले आणि दूध उकळायला ठेवलं.