खिडकीतले कांदे

लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं, तेव्हाची गोष्ट. वसमतच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायचे. नववीला पेशीविभाजनाचा धडा आला होता आणि फळ्यावर त्याच त्या आकृत्या काढून मलाच कंटाळा आला होता. शाळेत सूक्ष्मदर्शक होता, पण पोरं मोडतील म्हणून कपाटात कुलूपबंद. मी मागे लागून तो मिळवला आणि घरी खिडकीत पाण्याचे पेले मांडले. प्रत्येक पेल्यावर एक कांदा, बूड पाण्याला टेकेल असा. मुळं फुटली की त्यांच्या टोकाशी पेशी भराभर विभागतात. तेच मुलांना दाखवायचं होतं.

खिडकी गल्लीकडे उघडते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

नळावरच्या बायकांनी अर्थ लावून टाकला: मास्तरीणबाईला लेकरू होईना, म्हणून कुण्या बाबानं कांद्याचा उतारा दिलाय. रोज पाणी बदलते, वाकून मुळं बघते, म्हणजे उतारा कडक असणार. हे सासूबाईंच्या कानावर गेलं. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. धम्म घेतला तेव्हा घरातले सगळे गंडेदोरे त्यांनी स्वतःच्या हातानं चुलीत घातले होते. त्या तडक नळावर गेल्या, बायकांशी भांडून आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, “खरं सांग, तसलं काही करून न्हाई ना राहिली तू?”

मला हसू आलं, ते त्यांना आवडलं नाही. मग एका पेशीच्या दोन कशा होतात, ते मी सांगायला लागले. वर्गातसुद्धा इतकं जीव तोडून मी कधी शिकवलं नव्हतं. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, दाखव.

रविवारी सकाळी त्यांना शाळेत नेलं. मुळांची टोकं कापून आम्लात ऊन केली, लाल रंगात ठेवली आणि दोन काचांमध्ये घेऊन अंगठ्यानं दाबली. आत्याबाईंना आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. भिंग खालीवर करता करता चित्र एकदम स्पष्ट झालं. एकीला एक लागून पेशी. कुठे मधोमध गोळा झालेले लाल धागे, कुठे तेच धागे दोन टोकांना निघालेले. हे धागे आधी दुप्पट होतात, मग निम्मे इकडे, निम्मे तिकडे जातात आणि मध्ये भिंत उभी राहते, असं मी सांगत होते.

“वाटणी बराबर होते?” त्यांनी डोळा न हलवता विचारलं.

होते, मी म्हणाले.

“आन् याला नवरा लागत न्हाई?”

“इथं तरी नाही, आत्याबाई.”

त्या खुदखुदत हसल्या. “बरं हाय मंग कांद्याचं.”

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गानंही रांग लावून कांदा पाहिला, पण खरा धडा नळावर झाला. आत्याबाईंनी तिथं सगळं समजावलं आणि परिणाम भलताच झाला. एकाचे दोन होतात, एवढंच बायकांनी ऐकलं. समोरच्या घरातल्या सुनेला मूल नव्हतं. तिनं खिडकीत पेला मांडला. मी जाऊन सांगितलं की बाई, हे नुसतं मूळ वाढणं आहे. लेकराची तऱ्हा वेगळी, तिथं आईचा अर्धा वाटा आणि बापाचा अर्धा वाटा एकत्र यावा लागतो. तुम्ही दोघं दवाखान्यात जा. तिनं मन लावून ऐकलं आणि कांद्याचं पाणी बदललं. पण ती दोघं दवाखान्यातही गेली.

पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली. लेकीला घेऊन ती बर्फी वाटायला आली आणि सगळं श्रेय कांद्याला देऊन बसली. आत्याबाईंनी बजावलं की हा गुण डॉक्टरच्या औषधाचा.

“औषध होतंच की,” ती म्हणाली, “पण कांदा बी होता.”

आत्याबाईंनी बर्फी तोंडात टाकली, लेकरू मांडीवर घेतलं, आणि नाक आईचं की बापाचं, यावर त्या दोघी दिवेलागणीपर्यंत बोलत बसल्या.